जुनी मोटार : तिची जपणूक आणि तिची पारख

अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत टल्सा नांवाचें एक शहर आहे. त्या राज्याच्या स्थापनेला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे 15 जून 1957 रोजीं, तेथील नागरिकांनीं एक विलक्षण ठेव जमिनींत पुरून ठेविली. प्लिमथ कंपनीची ‘बेलव्हेडियर’ जातीची एक कोरी करकरीत मोटार, हीच ती ठेव. न्यायकचेरीच्या हिरवळीखालीं काँक्रीटची भक्कम पेटी बांधण्यांत आली; अणुबाँबच्या माऱ्यांतूनही ती सुखरूप राहील अशी ग्वाही देण्यांत आली. पन्नास वर्षांनंतर पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून मोटारीसोबत पेट्रोलही ठेवण्यांत आलें. 2007 सालीं शहराची लोकसंख्या किती असेल याचे अंदाज लोकांकडून मागविले, आणि ज्याचा अंदाज सर्वांत जवळ जाईल त्याला ती मोटार द्यावयाची असें ठरलें. जून 2007 मध्यें मोठ्या समारंभानें पेटी उघडली, तों आंत पाणी शिरलेलें! सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची ती डौलदार मोटार गंजानें व चिखलानें नखशिखान्त माखून गेली होती. फारशी न धांवतां तिचें आयुष्य संपलें होतें.

यानंतर सहा वर्षांनीं, सप्टेंबर 2013 मध्यें, नेब्रास्का राज्यांतील पिअर्स या लहानशा गांवीं एक लिलांव झाला. तेथील एका शेवर्ले-विक्रेत्यानें आपल्या दुकानांत न खपलेल्या आणि बदल्यांत आलेल्या सुमारें 500 गाड्या अनेक दशकें तशाच ठेवून दिल्या होत्या. पुष्कळशा उघड्यावर सडल्या. कांहींमधून तर झाडें वाढलीं होतीं. परंतु थोड्या गाड्या छपराखालीं होत्या. त्यांपैकीं 1958 सालची ‘कॅमिओ’ जातीची एक मालवाहू गाडी जेमतेम एक मैल चाललेली होती. तिच्यावर धुळीचा थर होता आणि छपराचा पत्रा एके ठिकाणीं चेपला होता. ती गाडी 1 लाख 40 हजार डॉलरना विकली गेली. धूळ पुसण्याचे श्रम कोणीं घेतले नव्हते, आणि घेणारांनाही ती पुसलेली नको होती.

या दोन गोष्टींवरून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ हौशी श्रीमंतांपुरता नाहीं. जुनी वस्तु जपणें म्हणजे नेमकें काय करणें, आणि ‘उत्तम जपलेली’ म्हणून जी वस्तु बाजारांत येते तिच्यांत विकत घेणारा नेमकें काय विकत घेतो, हा तो प्रश्न होय. ‘जुनें तें सोनें’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु सोनें कसाला लावल्यावांचून कोणी घेत नाहीं, हें मोटार घेतांना बहुतेक जण विसरतात.

उदाहरणासाठीं अमेरिकेंतील एक अत्यंत लोकप्रिय मोटार घ्यावी. शेवर्ले कंपनीनें ‘इम्पाला’ हें नांव विक्रीच्या मोटारीसाठीं 1958 सालीं प्रथम योजिलें. 1965 च्या नमुन्याचा खप त्या एका वर्षांत दहा लाखांवर गेला. अमेरिकेंत जिला पूर्ण आकाराची मोटार म्हणत, तिचा हा ठसठशीत नमुना. हिची लांबी सुमारें 17 फूट 9 इंच, म्हणजे आपल्याकडील अँबॅसडरपेक्षां साडेतीन फुटांहून अधिक. रुंदी साडेसहा फुटांच्या वर. पुढें तिघांनीं आणि मागें तिघांनीं ऐसपैस बसावें, डिकींत सहा जणांचें सामान मावावें, आणि बॉनेटखालीं बहुधा आठ सिलिंडरांचें इंजिन असावें, असा तिचा थाट. पेट्रोल स्वस्त होतें, 1956 च्या कायद्यानें देशभर प्रशस्त महामार्ग बांधले जात होते, आणि सामान्य कुटुंबालाही ही भव्यता परवडत होती. पुढें ऑक्टोबर 1973 मध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली. 1975 सालीं अमेरिकन सरकारनें इंधनाच्या काटकसरीचा कायदा केला. आणि 1977 च्या नमुन्यापासून जनरल मोटर्सनें आपल्या मोठ्या गाड्यांचीं अंगें चांगलीं आंखडून घेतलीं. शेवर्लेची मोठी गाडी एका वर्षांत दहा इंचांहून अधिक आंखूड झाली. गेलेल्या ऐश्वर्याची ओढ मनुष्याला नेहमींच असते, त्यामुळें चांगल्या राहिलेल्या इम्पालाला आजही गिऱ्हाईक मिळतें.

अशा मोटारीची जाहिरात बहुधा ठराविक शब्दांत असते : ‘मूळचा रंग, अवघे चाळीस हजार मैल, सर्व भाग कारखान्यांतले, सदैव गराजमध्यें ठेवून क्वचितच चालविलेली.’ हीं चारही विधानें खरीं असूं शकतात. परंतु प्रत्येकाची परीक्षा निराळी आहे.

प्रथम रंग. मोटारीचा खरा शत्रु गंज आहे, आणि रंग हें गंजाचें सर्वांत सोयीचें पांघरूण आहे. अमेरिकेच्या उत्तर भागांत हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तें खारें पाणी चाकांबरोबर उडून पत्र्याच्या सांधींत शिरतें आणि पोलादाला आंतून खातें. नैर्ऋत्येकडील ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशांत गंज कमी. पण तेथें उन्हानें रबर, आसनांचें कापड आणि रंग करपतात. म्हणून मोटार कोणत्या वर्षाची हें विचारण्याबरोबरच ती कोणत्या मुलुखांत वाढली हेंही विचारावें लागतें. पाहणारानें चकचकीत बॉनेटपुढें रेंगाळूं नये. मागच्या चाकांभोंवतालचा खालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, मागील कांचेच्या चौकटीचे कोपरे, डिकीचा तळ आणि सतरंजीखालची जमीन या जागा पाहाव्या. गंजलेल्या भोकांत पुट्टी भरून वरून रंग मारला असेल, तर तेथें लोहचुंबक धरीत नाहीं. साधा चुंबक पातळ फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरविला म्हणजे पुष्कळ गुपितें बाहेर पडतात. ही मोटार चासीच्या भक्कम चौकटीवर बसविलेली असते. ती चौकट आणि तिला शरीर जोडणारे सांधे कुजले असतील, तर वरचा सारा साज म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला दिलेलें रंगरोगण होय.

कारखान्यांत दिलेला रंग कालांतरानें थोडा मंद होतो, वारंवार पुसल्यानें कडांवर विरळ होतो, आणि दगड लागून त्यावर टवके उडतात. साठ वर्षांच्या मोटारीवर असा एकही डाग नसेल, तर ती पुन्हां रंगविलेली आहे असेंच धरून चालावें. पुन्हां रंगविणें हा गुन्हा नव्हे. पण पुन्हां रंगवून ‘मूळचा रंग’ म्हणणें हा गुन्हा आहे. दारांच्या बिजागऱ्यांजवळ, रबरी पट्ट्यांच्या खालीं आणि डिकीच्या आंतल्या अंगाला नव्या रंगाचे शिंतोडे बहुधा सांपडतात. कारण रंगाऱ्याचा हात घाईंत असतो आणि लबाडी कोपऱ्यांत उघडी पडते.

दुसरें विधान मैलांचें. त्या काळांतील बहुतेक अमेरिकन मीटरांवर पूर्ण मैलांचे पांचच आंकडे असत. 99,999 मैल झाले कीं मीटर पुन्हां शून्यावर येई. त्यामुळें मीटरवर 40 हजार दिसले तर ते 40 हजार असतील किंवा 1 लाख 40 हजारही असतील. मीटर बिचारें दोन्ही वेळां खरेंच बोलत असतें. आंकडा मागें फिरविणें हा अमेरिकेंत 1972 च्या केंद्रीय कायद्यानें अपराध ठरला. परंतु विक्रीच्या वेळीं मैलांचा दाखला लिहून देण्याच्या सक्तींतून जुन्या मोटारी वगळलेल्या आहेत. तेव्हां एवढ्या वयाच्या मोटारीचे सरकारी कागद या बाबतींत मुके असतात. साक्ष द्यावयाची ती मोटारीनेंच. ब्रेकच्या पायट्यावरचें रबर झिजलें आहे काय? चालकाच्या बाजूचें आसन दबलें आहे काय? उघडलेलें दार किंचित् खालीं लोंबतें काय? चाळीस हजार मैल चाललेल्या मोटारीचा पायटा गुळगुळीत असण्याचें कारण नाहीं. आणि तो अगदीं नवा असेल, तर तो कां बदलावा लागला, हें विचारण्याचें कारण आहे. जुन्या पावत्या, दुरुस्तीच्या नोंदी, तेल बदलल्याच्या चिठ्ठ्या यांची सलग मालिका असेल, तर ती मोटारीची जन्मपत्रिकाच समजावी.

तिसरें विधान मूळ भागांचें. येथें परीक्षकाच्या मदतीला आंकडे येतात. 1965 च्या इम्पालाचा क्रमांक चालकाच्या दाराच्या बिजागरीजवळील खांबावर, एका छोट्या पट्टीवर असतो. त्यांतला पहिला आंकडा 1, म्हणजे शेवर्ले. पुढचे चार आंकडे मोटारीची मालिका व बांधणी सांगतात. उदाहरणार्थ, 6439 म्हणजे आठ सिलिंडरांची, चार दारांची, मधला खांब नसलेली इम्पाला. त्यानंतरचा 5 म्हणजे 1965 साल. पुढचें अक्षर कारखान्याचें. आणि शेवटीं अनुक्रमांक. विक्रेता आठ सिलिंडरांचें इंजिन दाखवीत असेल आणि क्रमांकांत 64 च्या जागीं 63 असेल, तर ती मोटार मूळची सहा सिलिंडरांची आहे, हें निर्विवाद. बॉनेटखालीं आडव्या भिंतीवर दुसरी एक पट्टी असते. तिच्यावर कारखान्यांत दिलेला रंग आणि आसनांचें कापड यांच्या खुणा असतात. आठ सिलिंडरांच्या इंजिनावर तें कोठें व कोणत्या महिन्यांत, कोणत्या दिवशीं जुळविलें याचा छाप असतो. ओतींव भागांवर ते ओतल्याच्या तारखा असतात. कांचांवरही निर्मितीची खूण असते. हे सर्व दिवस मोटार तयार होण्यापूर्वीचे, आणि फार पूर्वीचे नसलेले, असावे लागतात. मोटारीनंतर जन्मलेलें इंजिन तिच्या पोटांत असेल, तर तें कितीही उत्तम चालत असो, मूळचें नव्हे.

चौथें विधान सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत फसवें : ‘क्वचितच चालविलेली.’ कपाटांत वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवलेली पैठणी जशी त्या घडीवरच विरते, तशी न चालणारी मोटारही जागच्या जागीं मरत असते. टांकींतलें पेट्रोल शिळें होऊन त्याचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. पेट्रोलमध्यें हल्लीं मद्यार्क मिसळलेला असतो. तो ओलावा ओढून घेतो आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाहीं. ब्रेकचें तेलही हवेंतील पाणी शोषतें, आणि तें पाणी ब्रेकच्या नळकांड्यांना आंतून गंज चढवितें. इंजिनाचीं रबरी सीलें वाळून तडकतात. उंदीर आसनांत घरटीं करतात आणि तारा कुरतडतात. टायरांवरील नक्षी कोरी दिसली तरी रबराला वय असतें. 2000 सालापासून अमेरिकन टायरांवर निर्मितीचा आठवडा व साल सांगणारे चार आंकडे असतात, ते वाचले म्हणजे नव्या दिसणाऱ्या टायराचें वय कळतें. टल्साच्या मोटारीला कोणीं हात लावला नव्हता. पण तिला वाराही लागला नव्हता. जपणूक म्हणजे पुरून ठेवणें नव्हे. कोरडी जागा, खेळती हवा, वेळच्या वेळीं बदललेलीं तेलें आणि महिन्या-दोन महिन्यांनीं इंजिन पुरतें तापेल इतकी फेरी, एवढ्याला जपणूक म्हणतात.

एवढ्या कसोट्यांना उतरलेली मोटार हातीं आली कीं खरा मोह पुढें उभा राहतो. घेणाराला वाटतें, आतां थोडा नवा रंग द्यावा, बंपरांना पुन्हां क्रोमचा मुलामा चढवावा, आसनांचें कापड बदलावें. अमेरिकेंतील जाणते संग्राहक येथेंच हात आंवरतात. एखादी मोटार पुन्हां नव्यासारखी कितीही वेळां करतां येते. मूळ अवस्थेंत ती एकदांच असते. जुन्या पोथीचें फाटलेलें पान सुवाच्य अक्षरांत नवें लिहून काढलें, तर वाचनाची सोय होते, पण पोथी जाते. 1965 सालच्या कारखान्यांत रंगाचा थर कसा बसे, शिवण कशी घालीत, कोणता स्क्रू कोणत्या जातीचा लावीत, हें पुस्तकांतून अर्धवटच कळतें. पूर्ण कळतें तें न छेडलेल्या मोटारीवरून. म्हणूनच 1935 सालीं स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेनें, पुन्हां नव्या केलेल्या मोटारींहून निराळा, मूळ रूप राखलेल्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग ठेविला आहे. पिअर्सच्या लिलांवांत धुळीला जी किंमत आली तिचें मर्म हेंच. ती धूळ म्हणजे मध्यें कोणाचा हात लागला नाहीं याची साक्ष होती.

परंतु मूळ रूपाचा हा आग्रह कोठें थांबवावा, हेंही तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. कारण येथें पैशापेक्षां मोठी वस्तु पणाला लागते. 2009 सालीं अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेनें आपल्या पन्नासाव्या वर्षीं एक प्रयोग केला. 1959 ची शेवर्ले ‘बेल एअर’ आणि 2009 ची शेवर्ले ‘मॅलिबू’ या दोन मोटारी ताशीं 40 मैलांच्या वेगानें एकमेकींवर, समोरासमोर पण किंचित् बाजूला, आदळविल्या. जुनी मोटार आकारानें थोर, पत्र्यानें जाड. तीच टिकेल असें पुष्कळांना वाटत होतें. प्रत्यक्षांत तिच्या चालकाची बसण्याची जागाच चिरडली गेली, आणि नव्या मोटारींतील जागा शाबूत राहिली. जडपणा म्हणजे संरक्षण नव्हे, हें त्या एका धडकेनें दाखविलें. 1965 च्या इम्पालांत चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात, आणि त्या सर्वांना एकाच नळकांड्यांतून दाब जातो. एके ठिकाणीं तेल गळलें तर चारही ब्रेक एकदम जातात. दुहेरी व्यवस्था अमेरिकन मोटारींत सरसकट आली ती 1967 च्या नमुन्यापासून. धडकेंत आंत दबणारा स्टीअरिंगचा दांडाही शेवर्लेला त्याच वर्षीं आला. तेव्हां जी मोटार रस्त्यावर न्यावयाची तिच्या ब्रेकच्या नळ्या, टायर आणि पट्टे यांच्या बाबतींत मूळ रूपाचा हट्ट धरणें हें शहाणपण नव्हे. जुने भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावे आणि नवे बसवावे. रंगाला मात्र हात लावूं नये. मागें न दिसणारा बदल करावा तो जिवासाठीं. दिसणारा बदल करूं नये तो इतिहासासाठीं.

आणखी एक सावधगिरी किंमतीबद्दलची. 1976 सालीं कॅडिलॅक कंपनीनें ‘एल्डोरॅडो’ जातीच्या उघड्या टपाच्या 14 हजार मोटारी काढल्या, आणि अमेरिकन बनावटीची उघडी मोटार यापुढें निघणार नाहीं, असा बोलबाला झाला. शेवटच्या 200 पांढऱ्या शुभ्र होत्या. पुष्कळांनीं त्या भविष्यांतील भांडवल म्हणून चढ्या दरानें घेऊन गराजांत झांकून ठेविल्या. 1984 च्या नमुन्यांत त्याच कंपनीनें उघडी एल्डोरॅडो पुन्हां बाजारांत आणली, आणि ‘शेवटची’ या शब्दाला दिलेलें मोल गडगडलें. कांहीं मालकांनीं तर कंपनीवर दावाही लावला. मोटार आवडते म्हणून घेणाराला असा धक्का बसत नाहीं. ती उद्यां महाग होईल म्हणून घेणाराला बसतो.

मुंबईकराला हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. जनरल मोटर्सनें 1928 सालीं मुंबईस शेवर्लेच्या जुळणीचा कारखाना काढला, आणि तो 1954 पर्यंत चालला. 1947 पासून कुर्ल्यास प्रीमियर कंपनीच्या कारखान्यांत डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन जातींची जुळणी होऊं लागली. त्यांतल्या कांहीं मोटारी जुन्या घराण्यांच्या गराजांत टिकून राहिल्या. भारत सरकारनें 2021 सालीं पन्नास वर्षांवरील मोटारींच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम केले. त्यांत मूळ रूप राखलेली, चासी, शरीर व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली मोटार हीच अशा नोंदणीस पात्र धरली आहे. म्हणजे अमेरिकन संग्राहकानें अनुभवानें जें ओळखलें, तें भारतीय नियमांतही उतरलें आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेंत वाढलेल्या मुंबईच्या मोटारीला चुंबकाची परीक्षा अमेरिकेंतल्या इतकीच लागू पडते, हें निराळें सांगावयास नकोच.

जुनी मोटार विकणारा बहुधा तिच्याबरोबर एक कथा विकत असतो : आजोबांनीं घेतली, आजींनीं रविवारींच बाहेर काढली, मुलांनीं जपली. अशी कथा खरी असेल तर तिच्या खुणा पत्र्यावर, पायट्यावर, पट्टीवरील आंकड्यांत आणि जीर्ण पावत्यांत सांपडतातच. घेणारानें कथा आदरानें ऐकावी, मग हातांत चुंबक घेऊन खालीं वांकावें. मोटार खरी ठरली तर विक्रेत्याला मागेल ती रास्त किंमत द्यावी, आणि एक गोष्ट मनाशीं पक्की धरावी कीं, साठ वर्षें जिला कोणीं बिघडविलें नाहीं, तिला बिघडविणारा पहिला मनुष्य आपण होतां कामा नये.